मुक्याचे दुखणे

माणसांच्या डॉक्टरांचा मला नेहमी हेवा वाटतो. त्यांचा रोगी ‘इथे दुखते’ असे बोट तरी दाखवतो. आमचा रोगी फार तर चावतो! मी जनावरांचा डॉक्टर झालो तेव्हा हाताचा स्पर्श, डोळ्यांची पारख आणि क्ष-किरणांचा फोटो एवढीच माझी सामग्री होती. आता तीत एम. आर. आय.ची भर पडली आहे.

हे यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबक. १.५ टेस्लाच्या यंत्राची शक्ती पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट! शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. त्याचे अणुगर्भ या चुंबकात रेडिओलहरींना जो प्रतिसाद देतात, त्यावरून संगणक चित्र रेखाटतो. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तुम्ही म्हणाल, क्ष-किरण काय वाईट? वाईट नाहीत; पण ते हाडे दाखवतात, मज्जारज्जू नाही. डॅशहुंड कुत्र्याचेच पाहा. आखूड पायांच्या या जातीत मणक्यांमधल्या चकत्या तरुणपणीच कडक होऊ लागतात. एखाद्या दिवशी चकतीतला गर मज्जारज्जूवर आदळतो आणि सकाळी बागडणारा कुत्रा संध्याकाळी मागचे पाय फरफटू लागतो. घरातली मुले रडवेली होऊन विचारतात, “डॉक्टरकाका, हा पुन्हा चालेल ना?” पायाचे बोट जोराने चिमटल्यावर वेदना कळत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्री चालू लागतात. ती जाणीव हरपली, की आशा निम्म्यावर येते. म्हणून घाई करायची; आणि शस्त्र नेमके कुठे चालवायचे, ते हे चित्र सांगते.

मांजराची तऱ्हा वेगळी. म्हातारे मांजर एकाएकी गोल गोल फिरू लागते, त्याला झटके येतात. घरचे म्हणतात, “वय झाले, दुसरे काय!” पण कधी मेंदूच्या आवरणावर गाठ असते. मांजरांत ती बहुधा सौम्य असते आणि पुष्कळदा काढता येते.

अडचण एकच. रोग्याने यंत्रात निश्चल पडायला हवे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात २०१२ साली कुत्र्यांना जागेपणी तसे निजायला शिकवले. पण ती निरोगी, शिकवून तयार केलेली कुत्री. दुखणाइताला भूलच द्यावी लागते. त्याआधी रक्त आणि हृदय तपासून घेतलेले बरे.

खर्चही थोडाथोडका नाही. म्हणून होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना एवढेच विचारा: “या चित्राने उपचार बदलणार आहे का?” उत्तर ‘होय’ असेल, तर उशीर करू नका. ‘नाही’ असेल, तर ते पैसे त्याच्या औषधाला आणि दुधाला ठेवा.