मुक्या रुग्णाचे निदान

कुत्रा दोन दिवस जेवला नाही, एवढ्या एका तक्रारीमागे गोचीड-ताप असू शकतो, गिळलेला मोजा असू शकतो किंवा मूत्रपिंडाचा विकारही. दुखते कोठे, हे रुग्ण सांगत नाही. मांजर तर आजार लपविण्यात पटाईत. त्यामुळे पशुवैद्यकाला तपासण्यांचा आधार घ्यावा लागतो. मात्र एक तपासणी मोजक्याच प्रश्नांची उत्तरे देते, हे लक्षात न घेता एका 'नॉर्मल' अहवालावर निर्धास्त होणारे पालक कमी नाहीत.

गोचीड-तापाचेच उदाहरण घ्या. गोचिडीमार्फत शिरणारे एर्लिकिया जिवाणू पांढऱ्या पेशींत, तर बबेसिया हे परजीवी तांबड्या पेशींत ठाण मांडतात. दोन्हींत प्लेटलेट्स घटतात. निरोगी कुत्र्यात त्या साधारणतः दोन ते पाच लाख असतात. रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की परजीवी कधी कधी थेट दिसतात. पण दिसले नाहीत म्हणून आजार नाही, असे ठरत नाही. काही मिनिटांत निकाल देणारी किट चाचणी प्रतिपिंडे शोधते. लागण नुकतीच झाली असेल, तर ती निगेटिव्ह येऊ शकते आणि बरा झालेला कुत्राही पुढे कित्येक महिने पॉझिटिव्ह दिसू शकतो. पीसीआर चाचणी जंतूचा जनुकीय अंशच शोधते. परंतु घरात उरलेले प्रतिजैविक आधीच दिले असेल, तर तीही चकवू शकते.

लहान गावांत नमुना माणसांच्या प्रयोगशाळेत पाठविला जातो. तेथील यंत्र प्राण्यांच्या रक्तासाठी जुळवलेले नसेल, तर आकड्यांवर विसंबणे धोक्याचे. मांजराच्या प्लेटलेट्स सहज गुठळ्या करतात आणि यंत्र त्या कमी मोजते. शिवाय दवाखान्यातल्या भीतीनेच मांजराची रक्तशर्करा वाढते. अशा वेळी मागील दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामिन चाचणी उपयोगी पडते. रक्तातील क्रिएटिनिन तर मूत्रपिंडाची सुमारे तीन-चतुर्थांश क्षमता गेल्यावर वाढते. म्हणून वयस्क मांजराची लघवी तपासणे टाळू नये.

क्ष-किरणात हाडे, फुप्फुसे, धातूची वस्तू स्पष्ट दिसतात. कापड किंवा दोरा मात्र सहसा दिसत नाही. तेथे सोनोग्राफी कामी येते, पण हवेने फुगलेल्या आतड्यापलीकडचे तिलाही दिसत नाही. नसबंदी न झालेली कुत्री माजानंतर काही आठवड्यांनी खूप पाणी पिऊ लागली, उलट्या करू लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. सोनोग्राफीत हे बहुधा काही मिनिटांत उमगते. विलंब जिवावर बेततो. पोटावरचे केस भादरल्याने हळहळणारे पालक पुष्कळ, पण केस पुन्हा येतात.

रक्त देण्यापूर्वी प्राण्याला किती तास उपाशी ठेवायचे, हे आधी विचारावे. अगदी लहान पिल्लांना परस्पर उपाशी ठेवू नये. सकाळची लघवी स्वच्छ डबीत धरता आली तर उत्तम. जुने अहवाल सोबत न्यावेत आणि घरी दिलेले प्रत्येक औषध न लपविता सांगावे. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते, आणि ती दिल्याचे कळले तर उपचारांची दिशाच बदलते.