एका बोर्डावरचं अर्धशतक

१९७६मध्ये इंटेलचा ‘एसबीसी ८०/१०’ आला, तेव्हा प्रोसेसर, मेमरी आणि इनपुट-आउटपुटची वेगवेगळी कार्डं बॅकप्लेनवर खोचून यंत्रं चालवली जात. या बोर्डावर ८०८० प्रोसेसर, १ केबी रॅम, सीरियल पोर्ट आणि ४८ इनपुट-आउटपुट लाइन्स एकत्र आल्या. आजच्या हिशेबाने हे नगण्य, पण एखादं यंत्र चालवायला तेवढं पुरायचं.

पुढे पीसी स्वस्त झाला, त्याचं सॉफ्टवेअर मुबलक मिळू लागलं. तोच यंत्रात बसवायचा, तर अडचण कार्डांची होती. स्लॉटमध्ये उभं खोचलेलं कार्ड कंपनाने सैल होतं. अँप्रो कंपनीने १९८७मध्ये त्यावर तोड काढली. ९० बाय ९६ मिलिमीटरचे बोर्ड एकावर एक रचायचे. वरच्याच्या १०४ पिना खालच्याच्या सॉकेटात बसतात आणि चारही कोपऱ्यांत स्पेसर घालून स्क्रू आवळले, की चळत जागची हलत नाही. १९९२मध्ये ‘पीसी/१०४’ हे खुलं मानक झालं.

२०१२मध्ये रास्पबेरी पाय आला तो मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला. पस्तीस डॉलरचा बोर्ड पाहून कारखान्यांनीही तो उचलला आणि उणिवा लगेच दिसल्या. एसडी कार्डवर लिहिणं चालू असताना वीज गेली, की फाइल सिस्टिम बिघडण्याची भीती. म्हणून जाणकार मूळ सिस्टिम केवळ वाचण्यापुरती ठेवतात आणि वॉचडॉग चालू करतात: प्रोग्रॅमने ठरावीक वेळात हजेरी दिली नाही, तर तो बोर्ड रीसेट करतो. २०१३च्या बीगलबोन ब्लॅकमध्ये साठवण बोर्डावरच सोल्डर केलेली होती. शिवाय २०० मेगाहर्ट्झचे दोन स्वतंत्र रिअल-टाइम कोअर होते. लिनक्स दुसऱ्या कामात गुंतलं तरी मोटरचे पल्स चुकत नाहीत.

खरा धडा मात्र पुरवठ्याने दिला. इंटेलने २०१७मध्ये गॅलिलिओ, एडिसन आणि ज्यूल हे तिन्ही बोर्ड गुंडाळले. ज्यूल तर जेमतेम वर्षभराचा होता. २०२१च्या चिपटंचाईत रास्पबेरी पायलाही २ जीबीच्या ‘पाय ४’ची किंमत ३५वरून ४५ डॉलर करावी लागली.

यंत्र पंधरा वर्षं चालतं, त्यातला बोर्डही तितकी वर्षं मिळायला हवा. तेव्हा डेटाशीट उघडल्यावर गिगाहर्ट्झ शेवटी पाहा. आधी उणे ४० ते ८५ अंशांचा तापमान-पल्ला, वॉचडॉग आणि उत्पादन किती सालापर्यंत चालू राहणार, हे तपासा.