जमिनीचे मोल आणि शाळेचे भवितव्य

व्यापारी कुटुंबाला जागेचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भर पेठेतील गाळा आणि आडगल्लीतील घर यांच्या किमतीतील अंतर घरातील लहानांनाही ठाऊक असते. परंतु हेच अंतर मुलांच्या शिक्षणाचा दर्जा ठरवू लागले तर काय होते, हे अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या अनुभवावरून कळते.

तेथे सरकारी शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता-करातून येतो. सॅन अँटोनिओ शहरातील एजवूड हा शाळा-विभाग म्हणजे साधी रहिवासी वस्ती. कारखाने आणि व्यापारी इमारती नाममात्र. १९६७-६८ साली तेथे दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची होती. त्याच परिसरातील सधन अलामो हाइट्समध्ये ती ४९,००० डॉलरहून अधिक होती. एजवूडकरांनी शंभर डॉलरमागे १.०५ डॉलर असा परिसरातील सर्वांत चढा कर भरला. राज्याच्या किमान योजनेतील वाटा दिल्यावर विद्यार्थ्यामागे उरले अवघे २६ डॉलर. अलामो हाइट्सला ०.८५ डॉलर दरानेही ३३३ डॉलर मिळाले.

मे १९६८ मध्ये एजवूडचे विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले. डेमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि इतर पालकांनी दावा लावला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो अमान्य केला. मात्र १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था एकमताने घटनाबाह्य ठरवली. १९९३ पासून सधन विभागांच्या महसुलाचा काही भाग इतरांसाठी घेतला जाऊ लागला.

या हिशेबात जमिनीचा वापरही महत्त्वाचा ठरतो. शेतजमिनीचे करमूल्य बाजारभावाने नव्हे, तर तिच्या उत्पादनक्षमतेवरून धरले जाते. कराच्या ओझ्याने शेतकऱ्याला जमीन विकावी लागू नये, हा त्यामागील हेतू. परंतु शहरालगतच्या महागड्या जमिनीलाही ही सवलत मिळते, तेव्हा तो विभाग कागदोपत्री निर्धन दिसतो आणि त्याला राज्याचे अनुदान अधिक मिळते. एकाच्या सवलतीचा भार असा दूरच्या करदात्यावर पडतो.

जैन परंपरेने आहार, औषध आणि अभय यांच्या जोडीला शास्त्रदानाला स्थान दिले आहे. दान देणारा स्वेच्छेने देतो. कर सर्वांनाच द्यावा लागतो. म्हणूनच त्याचा तराजू अधिक निर्दोष हवा. मूल्यांकनाच्या वहीतील एक आकडा बदलला, तर दूरच्या वर्गातील एका बाकाचे भवितव्य बदलते.