बटणाची रुंदी कोणी ठरवायची?

संगणकावर अर्ज भरताना पडद्यावर एक चौकट उघडते. डावीकडे ‘नाव’ हा मजकूर, शेजारी लिहिण्यासाठी कोरी पट्टी आणि उजवीकडे ‘जतन करा’ असे बटण. इतक्या साध्या चौकटीतही एक प्रश्न दडलेला आहे. यातील प्रत्येक घटकाची रुंदी कोणी ठरवायची?

आज्ञावली लिहिणाऱ्याने, असे उत्तर चटकन सुचते. पडदा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. समजा, चौकट ४०० पिक्सेल रुंद आहे. मजकुराला ५० आणि बटणाला ८० पिक्सेल दिले. दोन कडा आणि मधल्या दोन फटी यांसाठी प्रत्येकी १०, म्हणजे एकूण ४० सोडले. मग कोऱ्या पट्टीला ४०० − ५० − ८० − ४० = २३० पिक्सेल उरतात. हे आकडे आज्ञावलीत लिहिले की काम संपले!

पण खरेच संपले का? ‘नाव’ऐवजी ‘विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव’ लिहायचे ठरले आणि त्याला १५० पिक्सेल लागले, तर ५० पिक्सेलच्या जागेत शब्द अर्ध्यावरच तुटेल. उंचीचेही तसेच आहे. रोमन अक्षरे पाहून बेतलेल्या बुटक्या जागेत देवनागरी मजकूर बसवला, तर वरची वेलांटी किंवा खालचा उकार छाटला जाण्याची भीती असते. ‘गुण’ या शब्दाचा उकार गेला की ‘गण’ उरतो! ज्याची दृष्टी अधू आहे, त्याने अक्षरे मोठी केली, तर सगळेच आकडे चुकतात. म्हणजे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही; वाचता येण्या-न येण्याचा आहे.

विंडोज प्रणालीतील संवाद-चौकटींसाठी यावर एक युक्ती योजलेली आहे. तेथे मोजमाप पिक्सेलमध्ये न देता अक्षरांच्या मापात देतात. अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा भाग हे आडवे एकक आणि उंचीचा आठवा भाग हे उभे एकक. नेहमीचे बटण ५० एकके रुंद आणि १४ एकके उंच असते. अक्षर सरासरी ६ पिक्सेल रुंद व १३ पिक्सेल उंच असेल, तर बटण ७५ × २३ पिक्सेलचे होते. अक्षर ७ × १५ चे घेतले, तर तेच बटण सुमारे ८८ × २६ चे होते. अक्षर वाढले की बटणही वाढते. परंतु शब्दच लांबला तर काय, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर जीटीके या सॉफ्टवेअर-संचात पाहायला मिळते. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना पीटर मॅटिस आणि स्पेन्सर किंबल यांनी गिंप हे चित्रे हाताळण्याचे सॉफ्टवेअर तयार केले. त्याची बटणे, पट्ट्या, खिडक्या यांसाठी जो संच लिहिला, तोच जीटीके. त्याची १.० ही आवृत्ती १९९८ मध्ये आली.

जीटीकेमध्ये जागेची वाटणी दोन फेऱ्यांत होते. पहिली फेरी आतून बाहेर. प्रत्येक घटक आपल्या अक्षरांचे माप घेऊन दोन आकडे सांगतो: कमीत कमी किती जागा हवी आणि ऐसपैस बसायला किती हवी. त्यांना सामावणारी पेटी या आकड्यांची बेरीज करून खिडकीला कळवते. दुसरी फेरी बाहेरून आत. हाती असलेली जागा खिडकी पेटीला देते आणि पेटी ती घटकांत वाटते.

उरलेली जागा कोणाला? पदार्थविज्ञानातील एक प्रयोग आठवा. दोन लाकडी दांड्या आणि त्यांच्यामध्ये एक स्प्रिंग अशी जोडणी ताणली, तर फक्त स्प्रिंग लांबते. एकसारख्या दोन स्प्रिंगा असतील, तर वाढ निम्मी-निम्मी वाटली जाते. आपल्या चौकटीत मजकूर व बटण या दांड्या आणि कोरी पट्टी ही स्प्रिंग. खिडकी ६०० पिक्सेलची केली आणि मजकूर १५० चा झाला, तरी पट्टीला ६०० − १५० − ८० − ४० = ३३० पिक्सेल आपोआप मिळतात. मात्र सर्वांच्या किमान मापांच्या बेरजेखाली खिडकी आक्रसत नाही. पुरती दाबलेली स्प्रिंगही त्यापुढे दबत नाही, तसेच हे.

परिच्छेदाचे गणित याहून गमतीचे आहे. ३०० पिक्सेल रुंदीत चार ओळींत मावणाऱ्या मजकुराला १५० पिक्सेल दिले, तर सुमारे आठ ओळी लागतात. रुंदी आणि उंची यांचा गुणाकार जवळजवळ स्थिर राहतो. बॉईलचा नियम आठवला ना? म्हणूनच २०११ मध्ये आलेल्या जीटीके ३ पासून घटकाला विचारता येते, “तुला एवढी रुंदी मिळाली, तर उंची किती लागेल?”

आता एक प्रयोग स्वतः करा. शाळेतील संगणकावर कोणतीही खिडकी उघडा. ती रुंद करा, अरुंद करा, शक्य असल्यास अक्षरे मोठी करा. कोणता घटक दांडीसारखा वागतो आणि कोणता स्प्रिंगसारखा, याची वहीत नोंद करा. एखादा शब्द तुटलेला दिसला, तर तेथे आज्ञावली लिहिणाऱ्याने अक्षरांना न विचारताच रुंदी ठरवली असावी, असा तर्क करायला हरकत नाही. उद्या तुम्ही स्वतः आज्ञावली लिहाल, तेव्हा आधी अक्षरांना विचारा.