पिवळं पान कोणतं, कोवळं की जून?

ऑस्ट्रेलियात दिवाळी ऐन वसंतात येते. सिडनी-मेलबर्नच्या उपनगरांत ग्रेव्हिलिया आणि बॉटलब्रश फुलांनी लगडलेले असतात, आणि त्यातच कुंपणालगतचं एखादं झुडूप पिवळं पडू लागतं. इथून तिकडे गेलेल्या आपल्या माणसाच्या मनात पहिल्यांदा येतं ते खत. झाड पिवळं म्हणजे उपाशी. घाला शेणखत, कोंबडीखत, हाडांचा चुरा! गुलाबाला हे मानवतं. ग्रेव्हिलिया मात्र यानेच मरू शकते.

याचं मूळ तिथल्या मातीत आहे. त्या खंडाचा बराचसा भूभाग अतिप्राचीन. युगानुयुगं पावसाने धुपून त्यातला स्फुरद पार आटलेला. अशा जमिनीत बँक्सिया, ग्रेव्हिलिया, हेकिया, वाराटा या प्रोटिएसी कुळातल्या झाडांनी वेगळीच मुळं घडवली. बँक्सियाच्या बुंध्याजवळचा पालापाचोळा हलक्या हाताने सरकवला, तर वरच्याच थरात बारीक मुळ्यांचे दाट झुपके दिसतात, मातीचे कण घट्ट धरून बसलेले. हे झुपके सेंद्रिय आम्लं सोडतात आणि कणांना जखडलेला स्फुरद मोकळा करून घेतात. मिळेल तेवढा ओढून घ्यायचा, हीच या कुळाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. पुरे झालं म्हणून थांबणं यांतल्या अनेक जातींना जमत नाही. मग जादा स्फुरद पानांत साठतो, जुन्या पानांच्या कडा करपतात, आणि लोहाचं काम अडल्यामुळे कोवळी पालवी पिवळी पडते. बॉटलब्रशचं कूळ निराळं, त्याला हा त्रास बराच कमी.

म्हणून खताच्या पिशवीला हात लावण्याआधी पिवळं पान फांदीवर कुठे आहे ते पाहावं. लोह एकदा एका पानात स्थिरावलं की तिथून सहसा हलत नाही. त्यामुळे त्याची टंचाई शेंड्यावर दिसते: नवं पान लिंबाच्या सालीसारखं पिवळं, शिरांची जाळी मात्र हिरवीगार. नत्राचं उलट. ते झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं शिरांसकट सरसकट फिकटतात. मॅग्नेशियम कमी पडलं तरी सुरुवात खालूनच होते, पण शिरांमधला भाग आधी पिवळा होतो आणि देठाशी हिरवा त्रिकोण उरतो. आणि आतल्या बाजूची थोडी जून पानंच पिवळी होऊन गळत असतील, शेंडे टवटवीत असतील, तर काहीही करू नये. सदाहरित झाडंही जुनी पानं टाकतातच, वसंतात तर हमखास.

शेंडे पिवळे दिसले तरी मातीत लोह नाही असं लगेच धरू नये. नव्या घराच्या भिंतीलगत सिमेंट-चुन्याचा राडारोडा पुरलेला असतो, त्याने मातीचा सामू चढतो आणि असलेलं लोह मुळांना मिळेनासं होतं. मराठवाड्यात चुनखडीच्या रानातला ऊस असाच पिवळा पडतो. यावर चिलेटेड लोह द्यावं, पण चुनखडीच्या मातीत ईडीटीए प्रकारचं फार टिकत नाही, ईडीडीएचए घ्यावं. खत द्यायचंच तर देशी झाडांसाठीचं, कमी स्फुरदाचं, तेही बेताने.

सगळं झाडच एकदम निस्तेज होऊन, माती ओली असूनही मान टाकत असेल, तर मात्र मुळं तपासायलाच हवीत. काळपट, कुजकी मुळी निघाली तर फायटोफ्थोरा सिनामोमीची शंका घ्यावी. 1922 साली सुमात्रातल्या दालचिनीच्या झाडांवरून वर्णिलेला हा रोगजंतू आज पश्चिम ऑस्ट्रेलियातली जॅरा आणि बँक्सियाची रानं पोखरतो आहे. बुटांना चिकटलेल्या मातीतूनही तो पसरतो, म्हणून तिथल्या कित्येक रानवाटांच्या तोंडाशी बूट घासायला ब्रश ठेवलेले असतात. त्याच्याशी लढायला फॉस्फाइट फवारतात किंवा खोडात टोचतात. नाव फॉस्फेटच्या जवळचं, पण काम वेगळं: ते झाडाची प्रतिकारशक्ती वाढवतं, जंतूचा नायनाट करत नाही. त्यामुळे असं झाड उपटलं, तर त्या खड्ड्यात लगेच दुसरी बँक्सिया लावू नये, आणि ती कुदळ धुतल्याशिवाय बागेत दुसरीकडे वापरू नये.