लिंगभावांतरविषयक आत्मकथने

जन्माच्या वेळी नोंदविलेल्या लिंगाहून आपला अंतःस्थ लिंगभाव निराळा आहे, अशी जाणीव झालेल्या व्यक्तीने त्या जाणिवेचा उदय, तिच्यामुळे घरात व समाजात निर्माण झालेला संघर्ष, नाव, वेश वा देह यांत घडवून आणलेला बदल आणि अखेरीस स्वतःचा केलेला स्वीकार यांचे केलेले प्रथमपुरुषी निवेदन म्हणजे लिंगभावांतरविषयक आत्मकथन होय. देहातील बदल हा या लेखनाचा दर्शनी विषय असला, तरी एखाद्या व्यक्तीविषयी साक्ष देण्याचा अधिकार कोणाचा, हा त्याच्या गाभ्याचा प्रश्न आहे. मराठीत अशी आत्मकथने संख्येने अल्प आहेत. तथापि मराठी आत्मचरित्राच्या परंपरेशी त्यांचा निकटचा संबंध आहे.

भारतीय समाजात हिजडा, किन्नर, जोगता इ. नावांनी ओळखले जाणारे समूह प्राचीन काळापासून परिचित आहेत. परंतु त्यांच्याविषयीचे लिखित उल्लेख दीर्घकाळ इतरांनीच केले. ब्रिटिश अमदानीतील १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाच्या दुसऱ्या भागात अशा व्यक्तींची नावे व मालमत्ता यांची नोंदवही ठेवण्याची आणि स्त्रीवेश करून सार्वजनिक ठिकाणी वावरणाऱ्यांस शिक्षा करण्याची तरतूद होती. स्वातंत्र्योत्तर काळात २०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांबरोबर ‘इतर’ असा पर्याय प्रथमच ठेवण्यात आला. त्याखाली भारतात ४,८७,८०३ व महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. पोलिसांची नोंदवही असो वा जनगणनेचा तक्ता असो, त्यांत व्यक्ती मोजली जाते. ती स्वतः बोलत नाही. आत्मकथनाने ही उणीव काही अंशी भरून काढली.

पाश्चात्त्य देशांत या प्रकाराचा आरंभ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. लिली एल्ब या डॅनिश चित्रकर्तीवर १९३० व १९३१ मध्ये जर्मनीत शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील अखेरच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा मृत्यू झाला. तिची जीवनकथा इतरांनी संपादित करून प्रसिद्ध केली. अमेरिकेतील क्रिस्टीन जॉर्गेन्सन यांचे आत्मचरित्र १९६७ मध्ये निघाले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे वार्तांकन केलेल्या ब्रिटिश लेखिका जॅन मॉरिस यांचे ‘कनन्ड्रम’ १९७४ मध्ये, तर स्त्री म्हणून नोंदल्या गेलेल्या मारिओ मार्टिनो या पुरुषाचे आत्मकथन १९७७ मध्ये प्रकाशित झाले. या ग्रंथांत वैद्यकीय उपचार हा कथेचा कळसबिंदू मानलेला बहुधा आढळतो.

भारतीय आत्मकथनांची घडण याहून वेगळी आहे. लिव्हिंग स्माइल विद्या यांचे तमिळ आत्मकथन (२००७), ए. रेवती यांचे ‘द ट्रुथ अबाउट मी’ (२०१०) आणि बंगालमधील प्राध्यापिका मानबी बंद्योपाध्याय यांचे आत्मकथन (२०१७) ही या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. यांपैकी पहिल्या दोहोंत घर सोडणे, हिजडा समाजात प्रवेश, गुरू व चेला यांचे नाते, बधाई, भिक्षा वा देहविक्रय यांवरील उपजीविका आणि ‘निर्वाण’ नावाने ओळखला जाणारा लिंगच्छेद हे टप्पे येतात. गुरूचे घराणे हे सुटलेल्या घराची जागा घेते. मात्र तेथेही शिस्त, कमाईतील वाटा व बंधने असतात, हे लेखिका लपवीत नाहीत. साहजिकच येथे आत्मस्वीकार हा एकट्या मनाचा व्यापार राहत नाही; निवारा, भाकरी व नाते यांच्याशी तो बांधलेला असतो.

मराठीत या प्रकारातील सर्वांत परिचित ग्रंथ म्हणजे लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ (२०१२) हा होय. त्याचे शब्दांकन वैशाली रोडे यांनी केले असून पुढे त्याची हिंदी व इंग्रजी भाषांतरेही निघाली. ठाणे येथे वाढलेल्या लक्ष्मी यांनी बालपणीचे शोषण, नृत्याची साधना, हिजडा समाजातील प्रवेश, आईवडिलांशी टिकून राहिलेले नाते आणि सार्वजनिक कार्य यांचे निवेदन त्यात केले आहे. अपमानासाठी वापरला जाणारा शब्द निवेदिकेने स्वतःच्या नावाआधी, शीर्षकातच ठेवला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. दुसऱ्याने मारलेली हाक ती येथे स्वतःची ओळख म्हणून उच्चारते.

या लेखनाची मराठीतील पूर्वपीठिका पाहताना अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा निर्देश करावा लागतो. लक्ष्मीबाई टिळक यांच्या आयुष्याचा मोठा भाग अहमदनगर येथे गेला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात पतीच्या धर्मांतरामुळे झालेली ताटातूट आणि पुढे स्वतःच्या मनात घडलेले परिवर्तन यांचे प्रांजळ चित्रण आहे. अकोले तालुक्यातील धामणगाव येथे जन्मलेल्या दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. जन्माने मिळालेले नाव व शिक्षणाने घडलेले नाव अशी एकाच व्यक्तीची ही दोन रूपे आहेत. धर्म, जात व लिंगभाव यांचे अनुभव एकरूप नव्हेत. परंतु जुने नाव, नवे नाव आणि त्या दोहोंमधील अंतर यांचे मोल मराठी वाचकास या ग्रंथांनी पूर्वीच परिचित करून दिले होते. याच जिल्ह्यातील श्रीरामपूर येथे राहून कार्य केलेल्या दिशा पिंकी शेख यांनी ‘कुरूप’ या कवितासंग्रहातून आपला अनुभव मांडला. भटक्या समाजात जन्मलेल्या या कवयित्रीची २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्तेपदी नियुक्ती झाली. ‘कुरूप’ रूढ अर्थाने आत्मचरित्र नसले, तरी इतरांनी कुरूप ठरविलेल्या देहाविषयी त्या देहाच्या धन्याने बोलणे, हा आत्मकथनाचाच धर्म त्यात दिसतो.

अशा निवेदनांचा प्रभाव साहित्यापुरता मर्यादित राहिला नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निकालपत्रात लक्ष्मी त्रिपाठी यांनी न्यायालयापुढे मांडलेली जीवनकथा नमूद आहे. स्वतःचा लिंगभाव ठरविण्याचा अधिकार व्यक्तीस असून त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अवैध होय, असे न्यायालयाने म्हटले. १० जानेवारी २०२० पासून अंमलात आलेल्या, तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाविषयीच्या २०१९ च्या अधिनियमाने जिल्हादंडाधिकाऱ्याकडून ओळखीचे प्रमाणपत्र देण्याची पद्धत घातली. स्वतःची ओळख सांगण्यासाठी पुन्हा कचेरीचा दाखला का लागावा, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. साक्ष कोणाची ग्राह्य, हा आत्मकथनांतील मूळ प्रश्न येथे कायद्याच्या भाषेत उभा राहिलेला दिसतो.

या वाङ्‌मयप्रकाराच्या काही मर्यादाही आहेत. अनेक ग्रंथ सांगितलेल्या कथनाच्या शब्दांकनातून सिद्ध झाले आहेत. त्यामुळे निवेदिकेची बोली व शब्दांकनकाराची प्रमाणभाषा यांतील सीमारेषा वाचकास नेहमीच कळत नाही. देह व शस्त्रक्रिया यांविषयीचे कुतूहल हाच काही वाचकांचा हेतू असतो, आणि प्रकाशनाचे व्यवहार त्यास खतपाणी घालतात. स्त्री म्हणून नोंदल्या गेलेल्या पुरुषांची आत्मकथने भारतात फारच थोडी आहेत. हिजडा समाजासारखी त्यांना सामावून घेणारी परंपरागत संस्था नाही आणि मुलीवरील घराचा पहारा अधिक कडक असतो, ही त्याची प्रमुख कारणे संभवतात. शिवाय लिहिणाऱ्या व्यक्तीबरोबर तिचे आईबाप व भावंडेही गावासमोर उघडी पडतात. म्हणून अनेक कहाण्या सांगितल्या जात नाहीत.

आत्मस्वीकार म्हणजे संघर्षाची समाप्ती, असे या आत्मकथनांवरून म्हणता येत नाही. स्वतःला स्वीकारल्यानंतरही भाड्याची खोली, रुग्णालयातील रांग, शाळेच्या दाखल्यावरील जुने नाव व सणासुदीला बंद राहणारे घराचे दार हे प्रश्न उरतातच. पण ते प्रश्न ज्याचे त्याने, स्वतःच्या नावाने मांडले, ही या लेखनाची मराठी वाङ्‌मयास झालेली महत्त्वाची देणगी होय.