संसार एक, पासपोर्ट दोन

शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मुलाने अथवा मुलीने तिकडचाच जोडीदार निवडणे, ही मराठी मध्यमवर्गीय घरांत आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. लग्न हौसेने होते, नातवंड जन्माला येते आणि काही वर्षांनी भारतात परतण्याचा विचार घोळू लागतो. एकाच घरातली माणसे कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळ्या रकान्यांत बसतात, हे बहुधा तेव्हाच ध्यानात येते. या रकान्यांचे नियम फारसे अवघड नाहीत. मात्र त्यांतील बहुतेक नियमांना मुदत आहे आणि हुकलेली मुदत पुढे अनेक वर्षे त्रास देते. त्यामुळे कोणता कागद केव्हा करायचा, हे आधीच समजून घेणे हिताचे ठरते.

पती पुण्याचा व भारतीय नागरिक, पत्नी जर्मन आणि मुलीचा जन्म म्युनिकमधला, असे एक कुटुंब डोळ्यांपुढे ठेवले तर हा सारा विषय उलगडत जातो.

एका वेळी एकच नागरिकत्व

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदात हे तत्त्व आहे आणि नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ ने ते पुढे चालविले आहे. भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की त्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. जर्मनीने २७ जून २०२४ पासून एकाहून अधिक नागरिकत्वे बाळगण्यास मुभा दिली. त्यामुळे तेथील अनेक भारतीयांची अशी समजूत झाली, की आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील. ती चुकीची आहे. ही मुभा जर्मनीच्या बाजूची असून भारताचा नियम तिने बदलत नाही. परकीय नागरिकत्व घेणाऱ्याला भारतीय पासपोर्ट परत करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. तो जवळ ठेवून वापरत राहिल्यास दंड होतो.

आधी विवाहाचा दाखला

पत्नीच्या पुढील प्रत्येक अर्जाचा पाया म्हणजे विवाहाचा नोंदणीकृत दाखला. मंगल कार्यालयात सप्तपदी झाली, छायाचित्रांचे अल्बम भरले, तरी कार्यालयाच्या खिडकीवर दाखलाच मागितला जातो. हिंदू विवाह कायदा दोन्ही पक्ष हिंदू असतील तरच लागू होतो. परदेशी जोडीदाराशी भारतात विवाह करताना म्हणून साधारणतः विशेष विवाह अधिनियम, १९५४ चा मार्ग धरला जातो. त्यात वधू-वरांपैकी किमान एकाचे त्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी ३० दिवस वास्तव्य असावे लागते. नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस हरकतींसाठी ठेवलेले असतात. केवळ तीन आठवड्यांची रजा काढून आलेल्या जोडप्याचे गणित येथेच चुकते. परदेशातील भारतीय वकिलातीत विवाह करायचा असल्यास परदेशी विवाह अधिनियम, १९६९ नुसार तो करता येतो. त्यासाठी दोघांपैकी एक भारतीय नागरिक असला तरी पुरे.

विवाह परदेशी कायद्याने झाला असेल, तर दाखल्याची सत्यता पटवावी लागते. दाखल्यांच्या परस्पर मान्यतेची ‘अपोस्टिल’ पद्धत भारताला २००५ पासून लागू आहे. मात्र भारताच्या या सहभागावर काही देशांनी आक्षेप नोंदविला होता आणि त्यांत जर्मनीचा समावेश होता. म्हणून अपोस्टिल चालेल की वकिलातीची स्वतंत्र पडताळणी लागेल, हे ज्या कार्यालयात कागद द्यायचा तेथेच आधी विचारून घ्यावे.

बाळाचे पहिले वर्ष

सर्वांत महत्त्वाची मुदत मुलाची असते. ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशपरत्वे भारतीय नागरिकत्व हवे असेल, तर जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते. नोंद करताना मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे पालकांना लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारच्या परवानगीवाचून नोंद होत नाही.

म्हणजे म्युनिकच्या त्या मुलीबाबत आई-वडिलांना पहिल्या वाढदिवसाच्या आत निर्णय करायचा आहे. जर्मन पासपोर्ट काढला तर भारतासाठी ती परदेशी नागरिक ठरते. भारतीय नोंद केली तर ती भारतीय होते, पण विषय तेथे संपत नाही. आईमुळे तिला जर्मन कायद्याने ते नागरिकत्व जन्मतःच मिळालेले असते. अशा मुलाने सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत दुसरे नागरिकत्व सोडले नाही, तर त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. ही तरतूद कलम ४ मध्ये आहे. अठराव्या वर्षी प्रवेश परीक्षांच्या धांदलीत ती सहज नजरेआड होऊ शकते.

हेच मूल भारतात जन्मले असते तर चित्र सोपे असते. आई-वडिलांपैकी एक भारतीय नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नाही, एवढे पुरे असते. ते मूल जन्मानेच भारतीय ठरते.

तारखांचे महत्त्व किती, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२४ मधील एका निकालाने दाखविले. सिंगापूरमध्ये जन्मलेल्या एका तरुणाने सज्ञान झाल्यावर भारतीय नागरिकत्व परत मागितले होते. त्याच्या जन्माच्या काही आठवडे आधीच आई-वडिलांनी सिंगापूरचे नागरिकत्व घेतले होते. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, परंतु सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. पालकांनी नागरिकत्वाचा रीतसर त्याग केला असता तर मुलाला ते पुन्हा मागण्याची वाट असते. परकीय नागरिकत्व घेतल्याने ते आपोआप गेले असेल, तर ती वाट नसते, असा त्या निकालाचा अर्थ होता.

ओसीआय : सोय मोठी, मर्यादाही

परकीय पासपोर्ट असलेल्या पत्नीला व मुलीला भारतात दीर्घकाळ राहण्यासाठी ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ अर्थात ओसीआय कार्डाची सोय आहे. पूर्वीचे पीआयओ कार्ड ९ जानेवारी २०१५ पासून याच योजनेत विलीन झाले. आई-वडिलांपैकी एक भारतीय नागरिक असल्यास अज्ञान मुलाला हे कार्ड मिळू शकते. पत्नीसाठी अट अशी, की विवाह नोंदणीकृत असावा आणि अर्जापूर्वी तो सलग दोन वर्षे टिकलेला असावा. तिच्या अर्जाची सुरक्षाविषयक तपासणीही होते. अर्जदार किंवा तिचे आई-वडील, आजी-आजोबा वा पणजी-पणजोबा कधीकाळी पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक असतील, तर हे कार्ड मिळत नाही.

नावात ‘सिटिझन’ असले तरी हे नागरिकत्व नव्हे. कार्डधारकाला वारंवार व्हिसा काढावा लागत नाही आणि वास्तव्याची नोंदणीही करावी लागत नाही. पण मतदान करता येत नाही, निवडणूक लढविता येत नाही, सरकारी पद सामान्यतः मिळत नाही. घर घेता येते, शेतजमीन विकत घेता येत नाही. मात्र वडिलोपार्जित शेती वारसाहक्काने येऊ शकते, हे गावी जमीन असलेल्या कुटुंबांनी लक्षात ठेवावे.

शिक्षणाचा मुद्दा तर कळीचा आहे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआय विद्यार्थ्यांना वैद्यकीय, अभियांत्रिकी आदी प्रवेशांत अनिवासी भारतीयांच्या जागांपुरते मर्यादित केले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ही मर्यादा त्या तारखेपूर्वी कार्ड मिळालेल्यांना लागू होणार नाही, असे ठरविले. नंतर कार्ड घेतलेल्यांना ती लागू आहे. पाळण्यातल्या बाळासाठी कोणता पासपोर्ट काढायचा, या निर्णयाचा परिणाम असा अठरा वर्षांनी महाविद्यालयाच्या दारात दिसतो.

विवाहाच्या आधारे मिळालेल्या कार्डाचे भवितव्यही विवाहाशीच बांधलेले असते. न्यायालयीन घटस्फोट झाल्यास पत्नीचे कार्ड रद्द होऊ शकते. मुलीचे कार्ड आईच्या विवाहावर अवलंबून नसते. नवा पासपोर्ट निघाला, की परदेशी जोडीदाराने तीन महिन्यांत त्याची प्रत, छायाचित्र व विवाह कायम असल्याचे निवेदन ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवावे लागते.

दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत

कार्ड मिळेपर्यंत पत्नीने एंट्री व्हिसावर राहावे, ही रीत आहे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीने आगमनानंतर १४ दिवसांत परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करावी लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो. मुंबईत त्यासाठी स्वतंत्र प्रादेशिक कार्यालय आहे, इतर जिल्ह्यांत हे काम पोलीस यंत्रणा पाहते. १९४६ चा परकीय नागरिक कायदा आता इतिहासजमा झाला असून १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी इमिग्रेशन व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ लागू झाला आहे. मुदतीबाहेर राहिल्यास दंड व कारवाई होते. ‘सून घरचीच आहे’ हे उत्तर तेथे चालत नाही.

भारतीय व्हायचे असेल तर

पत्नीला भारतीय नागरिकच व्हायचे असेल, तर दोन मार्ग संभवतात. भारतीय नागरिकाशी विवाह आणि भारतात सात वर्षे वास्तव्य, हा पहिला. त्यात अर्जापूर्वीचे बारा महिने सलग आणि त्याआधीच्या आठ वर्षांत किमान सहा वर्षे, असा हिशेब असतो. पाच वर्षे ओसीआय कार्डधारक असणे आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहणे, हा दुसरा. अपवादात्मक कारणासाठी या बारा महिन्यांत एकूण ३० दिवसांपर्यंतच्या खंडाची सूट सरकार देऊ शकते. माहेरच्या भेटी आखताना पासपोर्टवरील शिक्के मोजावेत, ते यासाठीच. शेवटच्या टप्प्यावर मूळ नागरिकत्व सोडावे लागते आणि मायदेशातील कामाचा, निवृत्तिवेतनाचा हक्क त्याने बदलू शकतो. त्यामुळे अनेक जोडीदार ओसीआयवरच थांबतात आणि त्यात गैर काही नाही.

नावाचा घोळ

अर्ज अडण्याचे एक साधे कारण म्हणजे नाव. मराठी रीतीने स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव असे लिहिले जाते. परदेशी जन्मदाखल्यात मधले नाव बहुधा नसतेच. पत्नीने माहेरचे आडनाव ठेवलेले असते आणि सासरी पत्रिकेवर निराळे छापलेले असते. एका कागदावर एक व दुसऱ्यावर दुसरे नाव आले, की प्रतिज्ञापत्रांचा फेरा सुरू होतो. जन्मदाखल्यापासून सर्वत्र एकच नाव, तेही एकाच स्पेलिंगने ठेवले तर बरेच हेलपाटे वाचतात.

नियम अधूनमधून बदलतात. म्हणून अर्जाच्या दिवशी वकिलातीच्या वा गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील सूचना वाचून घ्याव्यात. विवाहाची नोंदणी लगेच करणे, बाळाच्या पहिल्या वर्षात पासपोर्टचा निर्णय पक्का करणे आणि पत्नीच्या व्हिसाची मुदत दिनदर्शिकेवर लिहून ठेवणे, एवढी तीन कामे वेळेवर झाली तरी बाकीचा प्रवास पुष्कळ सुकर होतो.